पसंतीवर आणलेले तीन लॅपटॉप

चंदेरी लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना त्याच्या पाठीवरून बोट अगदी हलकं फिरवलं, तर ती खरबरीत लागते. वर बारीक वाळूचा थर असावा तशी. तेच बोट दाबून धरलं, तर पाठ गुळगुळीत. चार्जरची पिन भिंतीतून काढली, तर हलक्या बोटालाही गुळगुळीत. मंजुषाने हे आधी उजव्या हाताने करून पाहिलं, मग डाव्या, मग पायात चप्पल घालून आणि मग चप्पल काढून. चप्पल घातली की वाळू जवळजवळ नाहीशी होत होती. तेवढं पाहून तिने लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला म्हणाली, "अर्थिंग पाहून घेता का एकदा?"

ती नेहमीप्रमाणे हळू बोलली आणि हेमराज नेहमीप्रमाणे तुलना करत होता. त्यामुळे ते वाक्य कूलरच्या आवाजात विरघळलं, आणि त्या आठवड्यात अहेरीच्या त्या गल्लीत जे काही घडलं, ते टाळायची एकमेव संधी तिथेच गेली.

मुळात लॅपटॉप कशाला हवा होता ते आधी सांगायला पाहिजे, कारण पुढे पुढे ते घरातही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मंजुषा अहेरीच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. शिकवून उरलेल्या वेळात ती रातवे ऐकते. रातवा म्हणजे दिवे लागल्यावर कच्च्या रस्त्यावर येऊन बसणारा, वाळक्या पानासारखा दिसणारा आणि म्हणूनच कोणाला न दिसणारा पक्षी. दिसत नसला तरी तो ऐकू येतो. फरशीवर गोटी टाकावी आणि ती टक, टक, टकटक करत विसावत जावी, तसा त्याचा आवाज. वनखात्याची परवानगी काढून आलापल्लीच्या बाजूच्या जंगलात ती झाडांना आवाज टिपणाऱ्या डब्या बांधत असे, आणि मग कोणता रातवा कुठे बोलला ते घरी बसून शोधत असे. यावर तिने लिहिलेली दोन पानं नागपूरच्या एका पक्षी-अभ्यास संस्थेतल्या रंजीता मॅडमच्या वाचनात आली. त्यांनी फोन केला. दक्षिण गडचिरोलीच्या जंगलातले आवाज तपासायचं मोठं काम निघालं होतं. मंजुषाने ते घ्यावं, त्यावर नाव तिचं लागेल, असं त्यांनी सांगितलं. फक्त आवाजांचा ढीग फार मोठा होता, तेव्हा संगणक दमदार पाहिजे.

मंजुषाला आयुष्यात आजवर असं कोणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "कळवते." तेव्हा थंडी होती. आता मे महिना होता, आणि ती अजून कळवत होती. शेवटी रंजीता मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की शनिवारी दुपारी मी फोन करीन, तेव्हा हो किंवा नाही सांगून टाका. नाही असेल तर एक मुलगा नागपुरात थांबलेलाच आहे.

घरातला जुना लॅपटॉप एक फाइल उघडेपर्यंत कुकर लागून, शिट्ट्या होऊन, वाफ जिरत असे. दुसरी फाइल उघडायला सांगितली, की तो स्वतःच जिरत असे. नवा घ्यायलाच हवा होता, त्यासाठी रक्कमही बाजूला काढून ठेवली होती. अडचण एवढीच होती, की हेमराजने म्हटलं होतं, "लॅपटॉपचं मी पाह्यतो."

हेमराज एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. त्याच्या टेबलावरून एक खुर्ची, एक घागर, एक झाडूसुद्धा तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय पुढे गेलेला नाही. ही सवय चांगलीच आहे. चार माणसं तिच्यामुळे सुखाने झोपतात. पण माणूस सवय कार्यालयात ठेवून घरी येत नाही. रिकाम्या डब्याबरोबर ती रोज पिशवीत येते. त्यांच्या मुलीचं नाव ठरवताना तीन नावं शेवटच्या फेरीत राहिली होती, आणि ती पोर बालवाडीत जायला निघाली तरी फेरी संपली नव्हती. शेवटी शेजारच्या आशाबाईंनीच बालवाडीच्या बाईंना परस्पर "मयुरी" सांगून टाकलं. मयुरी आता नागपुरात वसतिगृहात राहते, आणि वडिलांना काही विचारायचं असेल तर त्यातला एकच पर्याय सांगते.

तर लॅपटॉपचा तक्ता थंडीतच सुरू झाला होता. प्रोसेसर, त्याचे गाभे, मेमरी, ग्राफिक कार्ड, पडद्याचा उजेड, बॅटरी, वजन, पंख्याचा आवाज, बिजागरी. रोज जेवण झालं की हेमराज मोबाइलवर तरुण मुलांचे व्हिडिओ लावून बसे. ती मुलं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून, एखाद्या कुस्तीचं वर्णन करावं तसं बोलत. तक्ता भरत येई, तेवढ्यात त्यातलाच एखादा मुलगा सांगे, की पुढच्या महिन्यात नवी चिप येते आहे. हेमराजचा चेहरा उजळे. "बरं झालं घाई नाई केली," असं तो म्हणे, आणि तक्त्याला एक रकाना वाढवी. मंजुषा यावर काही बोलत नसे. तिला वाटे, माणूस इतका मन लावून करतो आहे, तर करू द्यावं. शिवाय खरं सांगायचं तर, लॅपटॉप ठरत नाही तोवर तिलाही रंजीता मॅडमना काही सांगावं लागत नव्हतं. आपल्याला जमेल का, ही तिची स्वतःची शंका त्या तक्त्याच्या सावलीत निवांत बसली होती.

ही सावली कय्यूमभाईंनी हलवली. बाजारात त्यांचं मोबाइल-लॅपटॉपचं दुकान आहे, पण घराण्याचा धंदा कापडाचा. त्यांच्या वडिलांच्या काळी साड्यांचा गठ्ठा पसंतीवर घरी नेता येई. बायका चार दिवस त्या उलटून-पालटून पाहत, गल्ली पाहून जाई, आणि मग एक ठेवून बाकीच्या परत. हेमराज दुकानात येऊन येऊन काउंटरची काच झिजवतो आहे, हे पाहून कय्यूमभाईंना वडिलांची आठवण झाली. मंगळवारी ते तीन खोकी घेऊन स्वतः घरी आले.

"भाभी," ते म्हणाले, "साडी नेते ना पसंतीवर, तसेच समजा. चंद्रपूरच्या व्यापाऱ्याचा माल आहे, दोस्तीखात्यात आणला. शनिवारी दुपारी माझी गाडी चंद्रपूरले जाते. जो ठेवायचा तो ठेवा, बाकी दोन मी घेऊन जाईन."

हेमराजला भरून आलं. तीन. बरोबर तीन.

तिघांची नावं कठीण होती, त्यामुळे घरात ते काळा, राखाडी आणि चंदेरी झाले. काळा खेळ खेळणाऱ्यांसाठी बनवलेला होता. त्याच्या कळांखालून रंगीबेरंगी उजेड येई आणि चार्जर चांगला विटेएवढा होता. राखाडी उलटा दुमडून पुस्तकासारखा धरता येई, त्यावर पेनानेही लिहिता येई. चंदेरी बारीक होता, तिघांत एकटाच धातूचा होता आणि गप्प होता.

मंजुषाने त्याच संध्याकाळी आपली परीक्षा घेतली. जंगलातल्या एका रात्रीचे आवाज तिने तिघांनाही दिले आणि रातवे शोधायला सांगितलं. काळ्याने सगळ्यांच्या आधी शोधले, पण शोधताना त्याचे पंखे धानाच्या मळणीयंत्रासारखे गरजले. रातवा ऐकायचा म्हटलं तर आधी लॅपटॉप थांबवावा लागला. जेवणाची ताटं वाढेपर्यंत त्याची बॅटरीही संपली. राखाडीने सुरुवात झोकात केली, मग तो तापला आणि मग तो विचार करू लागला. चंदेरी काळ्याच्या थोडासा मागे राहिला, पण हूं की चूं न करता. त्याच्या पडद्यावर रातव्याचा आवाज उभ्या बारीक रेघांच्या ओळीसारखा उमटला, आणि दोन रेघांमधली फट तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. ती बराच वेळ ती फट पाहत बसली. तिचा निर्णय तिथेच झाला होता. फक्त तो तिने कोणाला सांगितला नाही, कारण हेमराज तेव्हा वजनकाटा आणायला गेला होता.

बुधवारी गल्ली पाहायला आली.

पसंतीवर आणलेली वस्तू पाहायला जायचं नसतं असं अहेरीत कोणालाच वाटत नाही. बायका सतरंजीवर बसल्या, चहा झाला, आणि तिन्ही लॅपटॉप मधोमध पाटावर मांडले गेले. आशाबाईंनी एकेक उचलून पाहिला आणि काळा घ्या म्हणून सांगितलं, कारण पितळेचं पातेलं असो की मशीन, जड असते ते टिकते. दुसऱ्या एकीला राखाडी आवडला, पण तो उलटा दुमडतो हे पाहून तिला त्याच्या बिजागरीची काळजी लागली. कोणी विचारलं, मंजुषाबाई, तुम्हाले यात काय पाह्यजे? मंजुषाने रातव्याबद्दल सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात कोणीतरी काळ्याचे दिवे लावले आणि सगळ्यांनी "अगाई" केलं. पाणी हवं होतं म्हणून एक बाई फ्रिजकडे गेली, तिला मंजुषाने सवयीने सांगितलं, "चप्पल घालून उघडा हं." फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे. फ्रिज जुना आहे, एवढंच त्याचं कारण होतं, आणि घराला ते आजवर पुरलं होतं.

गुणवंतभाऊ मात्र एकटे आणि सावकाश आले. ते समोरच राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि निवृत्तीपासून गल्लीत मत द्यायचं काम बिनपगारी पण पूर्णवेळ करतात. त्यांनी तक्ता चष्म्यातून वाचला, मग चष्म्यावरून वाचला, आणि विचारलं, "हेमराज, हे आकडे कोणत्या डिग्रीवरचे?"

हेमराजला माहीत नव्हतं. गुणवंतभाऊंनी समजावून सांगितलं, की कंपनीवाले एसीत बसून पंचवीस डिग्रीवर मोजतात, आणि आपल्या इथी पंचवीस डिग्री फक्त जानेवारीत असते, तेही पहाटे. खरी तुलना करायची तर दुपारी करा. हे मंजुषालाही पटलं. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. चूक पुढे झाली. भर दुपारी तिन्ही लॅपटॉप तापले आणि आळसावले, तेव्हा हेमराजने, या भागात कोणत्याही तापल्या जिवाला करतात तेच केलं. त्याने तिघांना ओळीने कूलरसमोर मांडलं.

वाळ्याच्या वासाचा ओला वारा चंदेरीच्या अंगावरून जाऊ लागला. त्याच्या पाठीवर हलकासा दमटपणा आला. फरशीही दमट झाली. त्याच वेळी आशाबाई भांडी घासता घासता, दुपारची तुलना कुठवर आली ते पाहायला मागच्या दाराने आल्या. हात ओले, पाय ओले. त्यांनी कौतुकाने चंदेरीच्या पाठीवर तळवा ठेवला.

ती किंकाळी नगरपंचायतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली असं नंतर सांगितलं गेलं. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. आशाबाई मटकन सतरंजीवर बसल्या, हाताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वो माय. हे तं डसते."

मंजुषाने पिन काढली. मुंग्या आल्यासारखं होतं, त्यातून काही इजा होत नाही, हे तिने आशाबाईंना साखरपाणी देत देत समजावलं. पण मुंग्या आशाबाईंना आल्या होत्या, मंजुषाला नाही, त्यामुळे पुराव्याचं वजन त्यांच्या बाजूला होतं. दिवे लागेपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली, की मंजुषाबाईंच्या घरी पसंतीवर आणलेल्या तिघांपैकी एकाच्या अंगात करंट आहे. हेमराजने तक्त्यात "डंख" असा नवा रकाना काढला. काळा: नाही. राखाडी: नाही. चंदेरी: आहे. मंजुषाने तो रकाना पाहिला. इतके महिने ज्या तक्त्याने काहीच ठरवलं नव्हतं, तो आता चुकीचं ठरवायला निघाला होता.

ती म्हणाली, "दोष लॅपटॉपचा नाई. अर्थिंग पाह्यलं पाह्यजे." हे तिने मंगळवारपासून तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी गुणवंतभाऊ आले, त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "हेमराज, दोष लॅपटॉपचा नाई. अर्थिंग पाह्यलं पाह्यजे."

"आं," हेमराज म्हणाला. "हे तं कोणाच्या ध्यानातच नाई आलं."

मंजुषा आत गेली आणि तिने डाळीला फोडणी दिली. फोडणी नेहमीपेक्षा जास्त तडतडली.

आता अर्थिंग म्हणजे काय हे अहेरीत कोणाला सांगावं लागत नाही. यंत्रात झिरपलेली वीज माणसाऐवजी जमिनीत उतरावी म्हणून प्रत्येक घराच्या मागे एक खड्डा असतो, त्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो, मधोमध लोखंडी पाइप असतो, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की त्या पाइपात पाणी ओतायचं असतं. हेमराजच्या घरामागे धुण्याच्या दगडाशेजारी असा पाइप होता. बारा वर्षं मंजुषा दर उन्हाळ्यात त्यात बादलीने पाणी घालत आली होती. दसऱ्याला घरातल्या विळी-कात्रीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागत असे. दहावीच्या मुलांकडून ती दरवर्षी अर्थिंगची आकृती काढून घेई आणि ओलावा टिकवण्याचं कारण लिहायला लावी. तेव्हा पाणी कमी पडलं असेल, हा गुणवंतभाऊंचा आरोप तिला जरा लागला.

पण गुणवंतभाऊंचं म्हणणं पडलं, की यंदाचं ऊन बादलीचं नाही. ते स्वतः देखरेखीला खुर्ची टाकून बसले. किराणा दुकानातून जाड्या मिठाचं पोतं आलं. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला, आणि पाइपाभोवती वरवर उकरून दोन्ही भरलं. कय्यूमभाईंनी तपासणीसाठी होल्डरला तारा जोडलेला बल्ब पाठवला. एक तार भिंतीतल्या चालू भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात घालायची, बल्ब लागला की अर्थिंग ठीक. हेमराजने पाइपात पाणी ओतलं. बल्ब लागला नाही. आणखी ओतलं. बल्बने डोळासुद्धा उघडला नाही.

"पेऊन राह्यली जमीन," गुणवंतभाऊ समाधानाने म्हणाले. "पेऊ द्या."

जमीन दिवसभर प्यायली. पाणी कमी पडलं तेव्हा शेजाऱ्यांनी आपापल्या टाक्यांतून दिलं, कारण गुणवंतभाऊंनी सांगितलं होतं, की एकाचं अर्थिंग सुधारलं की आजूबाजूच्यांचंही सुधारते. हे कोणत्या पुस्तकात आहे ते मंजुषाला माहीत नव्हतं. खारं पाणी उताराने वाहत आशाबाईंच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांखाली गेलं, आणि आशाबाईंना चंदेरीचा आणखी एक डंख बसला.

हेमराज वीज कार्यालयात गेला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढे तुमचं, आणि जमिनीखालचं आम्ही पाहत नाही. शुक्रवारी नगरपंचायतीतून जंगू नावाचा कर्मचारी आला. गल्लीत ऐन उन्हाळ्यात पाणी वाहत आहे अशी तक्रार होती. आल्यावर त्याला खड्डाही दिसला. बोअर मारून राह्यले का, परवानगी कुठी आहे, असं त्याने विचारलं. लॅपटॉप घ्यायचा आहे, असं हेमराजने उत्तर दिलं. जंगूने ते लिहून घेण्याचा दोनदा प्रयत्न केला, मग वही मिटली आणि तोही खुर्ची घेऊन बसला. पुढे काय होतं ते पाहिल्याशिवाय त्यालाही जाववेना.

या सगळ्यात घरात लॅपटॉप होते हेच मागे पडलं. ते तिघं सोफ्यावर ओळीने, पाहुणे आले आणि यजमान भलतीकडेच गुंतले, तसे अवघडून बसून होते. मंजुषा अधूनमधून चंदेरी उघडे, रातव्याच्या रेघा पाही आणि मिटून ठेवी. शनिवार आला.

शनिवारी दुपारी कय्यूमभाईंची गाडी दाराशी उभी राहिली. ते मागच्या अंगणात आले तेव्हा तिथे जत्रा होती. हेमराज घामाने निथळत होता, गुणवंतभाऊ छत्रीखाली होते, आशाबाई आपल्या मोहफुलांच्या वतीने हजर होत्या, जंगू होता. बल्ब अजून लागला नव्हता. कय्यूमभाईंनी व्यापाऱ्याचा दोनदा फोन आल्याचं सांगितलं आणि कोणता ठेवता ते विचारलं.

"चंदेरी तं गेला," हेमराज कपाळ पुसत म्हणाला. "डंख मारते. राह्यले दोन. पण दोनात तुलना बरोबर होत नाई, कय्यूमभाई. तिसरा लागते. पुढच्या महिन्यात नवी चिप येऊन राह्यली, तेव्हा पाहू. आता तिन्ही घेऊन जा."

मंजुषा दारात उभी होती. तिच्या हातातला मोबाइल वाजू लागला. पडद्यावर रंजीता मॅडमचं नाव होतं. तिने तो उचलला नाही, बंदही केला नाही. नुसता धरून ठेवला. मॅडमना काय सांगायचं ते आत्ता हेमराजने सांगून टाकलंच होतं.

तेवढ्यात गुणवंतभाऊंना वाटलं, की पाइपच गंजून बुजला असेल. ते खुर्चीवरून उठले, धोतर सावरून खड्ड्याशी वाकले आणि पाइप जरासा हलवून पाहायला दोन्ही हातांनी धरला.

पाइप वर आला.

सरळ वर आला, अख्खाच्या अख्खा, भिजलेल्या वाफ्यातून मुळा यावा तसा. गुणवंतभाऊ तो हातात धरून तसेच मागे खुर्चीत बसले. पाइप जेमतेम हातभर होता. जुन्या हातपंपाचा उरलेला तुकडा असावा. त्याला वरून चिखल लागला होता, बारा दसऱ्यांचं हळदकुंकू लागलं होतं, आणि दुसरं काहीही लागलेलं नव्हतं. तार नव्हती. तारेचा तुकडा नव्हता. तार कधी बांधली असल्याची खूणसुद्धा नव्हती.

मंजुषाच्या हातातला मोबाइल वाजायचा थांबला.

मंजुषाने पाइपाकडे पाहिलं. मग तिला फ्रिजसमोरच्या चपला दिसल्या, म्हणजे आतल्या आत दिसल्या. बारा वर्षं त्या तिथे होत्या. बारा वर्षं घर तिला रोज सांगत होतं, आणि ती, दहावीला विज्ञान शिकवणारी बाई, पाहुण्यांना चप्पल घाला म्हणत होती. आकृतीत पाइपाला तार दाखवली नाही म्हणून तिने मुलांचे गुण कापले होते. आणि स्वतः ती बारा उन्हाळे भक्तिभावाने एका लोखंडाच्या तुकड्याला आंघोळ घालत आली होती, कारण ज्याने पाहायचं त्याने ते पाहिलंच असेल असं ती धरून चालली होती. इतका धक्का तिला आशाबाईंच्या किंकाळीनेही बसला नव्हता.

"हेमराज," गुणवंतभाऊ मांडीवरच्या पाइपाकडे पाहत क्षीण आवाजात म्हणाले, "तार कुठी आहे?"

हेमराजचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काहीतरी फार खोलातून, सिमेंटखालून वर येत होतं.

"घर बांधलं तेव्हा," तो म्हणाला, आणि थांबला. "मिस्त्रीनं विचारलं होतं. तार तांब्याची टाकू का जस्ताची. म्या म्हटलं, तुलना करून सांगतो. तू तोवर पाइप उभा करून ठेव."

"मंग?"

"मंग वास्तुशांतीचा मुहूर्त आला," हेमराज म्हणाला. आणि अगदी प्रामाणिकपणे, कारण तो माणूस खोटं कधीच बोलत नसे, त्याने पुढे सांगितलं, "तांब्याची का जस्ताची, ते काही ठरलं नव्हतं अजून."

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. जंगूने वही उघडली आणि काय लिहावं ते न सुचून पुन्हा मिटली. कय्यूमभाई, ज्यांच्या घराण्याने तीन पिढ्या पसंतीची वाट पाहिली होती, ते हलकेच म्हणाले, "तौबा." हेमराजने मंजुषाकडे पाहिलं. तिने ओरडावं असं त्याला वाटत असावं. निदान ते पटकन उरकलं असतं.

मोबाइल पुन्हा वाजला. मंजुषाने या वेळी तो उचलला आणि कानाला लावला. पलीकडून रंजीता मॅडम गोड आवाजात विचारत होत्या, की मग काय ठरलं. हा प्रश्न मंजुषाने थंडीपासून ऐकला होता, पण चिखलात उभं राहून, हळदकुंकू लावलेल्या बिनतारेच्या पाइपासमोर तो फार सोपा वाटला. आपल्याला जमेल का, ही शंका अजून होतीच. पण तिला दुसरा रकाना काढायचा नव्हता.

"हो मॅडम," ती म्हणाली. "काम मी घेते. सोमवारपासून सुरू करते."

ती एवढ्या मोठ्याने बोलली, की फोनची गरज होती की नाही असं आशाबाई नंतर गल्लीत विचारत होत्या. मंजुषाने फोन ठेवला आणि कय्यूमभाईंकडे वळली.

"काळा आणि राखाडी न्या, कय्यूमभाई. चंदेरी राहू द्या."

"पण मंजू," हेमराज म्हणाला, "डंखाचा रकाना..."

मंजुषाने गुणवंतभाऊंच्या मांडीवरून तो पाइप उचलला, नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्याभोवती नीट मिटवली.

"आणि तार," ती म्हणाली, "तांब्याची."